मिरजेहून आणलेला पट्टा

दानिएल मास्तरांनी तीन पट्टे टेबलावर ओळीनं मांडले आणि विचारलं, "कुणासाठी?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते दिसतंय मला," मास्तर म्हणाले. "घालणारीसाठी हवाय की बघणाऱ्यांसाठी? दोन्हीचं काम वेगळं असतं."

अण्णा मावशीकडे बघायला लागले, मावशी टेबलाकडे आणि मी फरशीकडे. मिरजेतल्या मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीतलं ते दुकान होतं. साल १९८४, डिसेंबरचा पहिला आठवडा. मी एकवीस वर्षांची होते आणि सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होते. बाराव्या-तेराव्या वर्षापासून माझ्या पाठीचा कणा उजवीकडे वळत गेला होता. उजव्या खांद्याचं पातं मागे उचललेलं आणि डावी कंबर आत गेलेली. समोरून बघणाऱ्याला फारसं कळत नसे. पाठमोरी झाले की कळायचं. आधीची दोन स्थळं त्यावरूनच गेली. पहिल्यांनी तसं तोंडावर सांगितलं, दुसऱ्यांनी पत्रिकेचं कारण दिलं.

तिसरं स्थळ जयसिंगपूरचं होतं. मुलाचं नाव वर्धमान चौगुले, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. मध्यस्थ बाळगोंडाकाकांनी सांगितलं होतं की मुलाची एकच अट आहे, मुलीनं बी.ए. पुरं करायचं. ती अट ऐकली त्या दिवसापासून मला हे स्थळ हवं होतं, पण तसं मी कुणाला म्हटलं नव्हतं. ती माणसं बारा दिवसांनी मला बघायला येणार होती. पाठीबद्दल त्यांना काही बोलायचं नाही, असं अण्णांनी ठरवलं होतं. लग्न झाल्यावर कळलंच तर कळलं, तोवर मुलगी त्यांच्या घरची झालेली असेल, असा त्यांचा हिशेब. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मावशी गप्प होती, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण ती बहुतेक वेळा गप्पच असायची.

मावशी म्हणजे माझी सावत्र आई. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. वर्षभरात अण्णांनी आईच्या चुलत बहिणीशी लग्न केलं. आधी ती माझी मावशी होती, नंतरही मावशीच राहिली. निपाणीची. लग्नाआधी गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, आणि ते मशीन ती सासरी घेऊन आली होती. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. चांगली वागली का, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत कॉर्सेट असं लिहून दिलं होतं. आमच्या घरात तो शब्द कुणाच्याच जिभेवर बसेना. अण्णा कॅसेट म्हणायचे. मिरजेला निघालो तेव्हा शेजारच्या इंदूताईंनी कुठं चाललात विचारलं, आणि अण्णा सवयीनं कॅसेट आणायला असं बोलून गेले. टेप घेतला की काय, इंदूताईंनी विचारलं. अण्णांना ते बरंच झालं. घेणार आहे म्हणाले. पुढे कितीतरी महिने आमच्या घरातून गाणी कधी ऐकू येतात याची त्या वाट बघत होत्या.

तर ते तीन पट्टे. पहिला मुंबईहून येणारा तयार, गुलाबी, ताणला की लांबणारा. दुसरा मास्तरांनी स्वतः शिवलेला, बाहेरून गुळगुळीत, वर सॅटिनसारखं कापड. तिसराही त्यांचाच, पण कळकट पांढऱ्या जाड ड्रिलचा. त्यात नऊ पोलादी पट्ट्या घातलेल्या, मागे नाडी ओवायला पितळी भोकं आणि पुढे तीन बक्कलं. त्याच्या सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या. शिवणारा उलटा-सुलटा विसरला असावा, असा तो दिसत होता.

अण्णांनी गुलाबी पट्टा उचलला. हा आतून कळणार नाही, म्हणाले. मास्तरांनी मान हलवली. त्यानं पोट आत जातं, पाठीला काही होत नाही. अण्णांनी दुसरा उचलला.

मावशीनं तोवर तिन्ही पट्टे एकेक करून उलटे केले होते. तिनं प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला, मग हात आत घालून हाताची मागची बाजू कापडावर घासून बघितली. दुसऱ्या पट्ट्यात ती एका जागी थांबली.

"इथं लागंल," ती म्हणाली.

"लागतं," मास्तर म्हणाले. "शिवण आत घेतली की बाहेरून छान दिसतं, पण कातडीला ती शिवण दिवसभर टोचते. दोन तासांत वळ उठतो, आठवड्यात जखम होते. लोक हाच मागतात म्हणून मी शिवतो. चांगला पट्टा बाहेरून वाईटच दिसतो, बाई."

"तिसरा घ्यायचा."

"अगं, ब्लाऊजमधनं कंगोरे दिसतील सगळे," अण्णा म्हणाले. "त्यापेक्षा न घातलेला बरा. कशासाठी घेतोय आपण?"

"बघणाऱ्याचं मी बघते," मावशी म्हणाली.

मला काही उलगडेना. अण्णांना माझी पाठ लपवायची होती, एवढं साधं होतं. मावशीला काय हवं होतं? कंगोरे दिसावेत आणि हेही स्थळ जावं? पण मग मी घरातच राहणार, त्यात तिचा काय फायदा? की मी लवकर जावं म्हणून तिला जास्त चांगला पट्टा हवा होता? दोन्ही बाजूंनी विचार केला तरी ती कुठल्याच बाजूला नीट बसत नव्हती. तिचा अंगठा अजून त्या शिवणीवर होता.

मग तिनं मास्तरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा घालून पाटावर जेवायला बसता येईल का? एसटीत धक्के बसले तर पट्टी टोचेल का? स्वयंपाक करताना पोलाद तापेल का? मास्तर एकेकाचं उत्तर देत गेले. सगळ्यात शेवटी तिनं विचारलं, वाकता येईल का?

"वाकता आलं तर पट्टा कशाला?"

"मग नमस्कार कसा करायचा?"

मास्तर ख्रिस्ती होते. त्यांनी जरा विचार केला. "गुडघे टेकून," ते म्हणाले. "आम्ही तसाच करतो."

बायकांची मापं त्यांची बायको मार्थाबाई घ्यायच्या. पडद्याआड त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि मानेच्या हाडावर एक दोरा धरला. त्याच्या टोकाला गवंड्याच्या ओळंब्यासारखं छोटं पितळी वजन होतं. दोरा स्थिर झाला, तसं त्यांनी तो मधल्या रेषेपासून किती बाजूला पडतो ते पट्टीनं मोजलं आणि पडद्याबाहेर बसलेल्या मास्तरांना मोठ्यांदा सांगितलं, "दीड इंच, उजवीकडे."

आठ-नऊ वर्षं माझ्या पाठीबद्दल लोक हळू आवाजात बोलत आले होते. ती किती वाकडी आहे, हे कुणी मोजलं नव्हतं. दीड इंच ऐकून मला रडू यायला हवं होतं बहुतेक. मला वाटलं, एवढंच?

मावशी पडद्याच्या आत आली आणि सगळी मापं तिनं पुन्हा स्वतः घेतली. मार्थाबाईंना राग आला असावा. पण दोन ठिकाणी अर्ध्या अर्ध्या इंचाचा फरक निघाला, तेव्हा त्यांनी मावशीचं माप लिहून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही शिवता का?"

"शिवायची," मावशी म्हणाली.

पाच दिवसांनी पट्टा तयार झाला. मास्तरांच्या दुकानात भिंतीला उभा आरसा होता. मार्थाबाईंनी नाडी आवळली, बक्कलं लावली, वरून ब्लाऊज चढवला आणि मला आरशासमोर नेलं. त्यात जी मुलगी दिसली तिचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. ती माझ्यापेक्षा बोटभर उंच होती. मी हात हलवला तर तिनंही हलवला, तरी मला खात्री पटेना. अण्णा दारातूनच बघत होते. "झालं," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मावशी माझ्या मागे गेली, बराच वेळ बघत राहिली आणि मास्तरांना म्हणाली, एक भोक सैल करा. मास्तर म्हणाले, सैल केलं तर दीडातला पाव इंच परत येईल. येऊ दे, ती म्हणाली. श्वास घेताना तिची वरची बरगडी अडकतीय.

परतीच्या एसटीत मी दांड्याला धरून उभी होते, कारण बसलं की खालची कड मांडीत रुतायची. त्या पाव इंचाचा मी सांगलीपर्यंत विचार करत होते. तो तिनं मला दिला होता की माझ्याकडून काढून घेतला होता?

पुढचे सात दिवस सराव झाला. पहिल्या दिवशी दोन तास पट्टा घातला, मग रोज अर्धा तास वाढवत गेलो. मावशीनं जाड खणाचा ब्लाऊज शिवला आणि पाठीच्या भागाला आतून फ्लॅनेलचा थर लावला. खरोखरच कंगोरे दिसेनात. अण्णा पहिल्यांदाच तिच्या कामाबद्दल बरं बोलले. नमस्काराचा सराव स्वयंपाकघरात चालायचा. मावशी पाटावर बसायची, मी पाठ न वाकवता दोन्ही गुडघ्यांवर उतरायची आणि हात पुढे करायची. हात तिच्या पायांपर्यंत पोचायचे नाहीत, निऱ्यांपर्यंतच जायचे. तेवढं बास, ती म्हणायची. उठताना भिंतीला धरू नको.

रविवारी सकाळी दहा वाजता ते आले. वर्धमान, त्याच्या आई, त्याचे मामा आणि बाळगोंडाकाका. वर्धमान सडपातळ होता, खिशाला दोन पेनं लावलेली. एवढंच मला दिसलं, कारण मला मान तेवढी वळवता येत होती, खांदे वळत नव्हते. पोह्यांचा ट्रे घेऊन मी सरळ चालत गेले, तो सरळ ठेवला आणि वर्धमानच्या आईंसमोर ठरल्याप्रमाणे गुडघ्यांवर उतरले. माझे हात त्यांच्या निऱ्यांना लागले. त्यांनी पाय थोडे मागे घेतले. मामांच्या पुढ्यात उतरताना पोलादाची कड मांडीत अशी घुसली की मी अर्ध्यातच थांबले आणि उभ्यानंच हात जोडले. बाळगोंडाकाकांना तेवढंही केलं नाही. मग खुर्चीत बसले.

त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मामा माझ्या उजव्या हाताला बसले होते. त्यांच्याकडे वळायचं तर अख्खी खुर्ची वळवावी लागली असती. त्यामुळे मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होते. स्वयंपाक येतो का? येतो. देवळाला जातेस का? जाते. वर्धमाननं एकच प्रश्न विचारला, विषय कोणता घेतला आहे. इतिहास, मी कॅलेंडरला सांगितलं. मला हसायचं होतं, त्याच्याकडे नीट बघायचं होतं. सगळं लक्ष मात्र बक्कलाखाली अडकलेल्या श्वासाकडे होतं.

वर्धमानच्या आईंनी बशी खाली ठेवली. त्या बाळगोंडाकाकांकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिकलेली हाय, दिसायला बी चांगली हाय. पण पोरगी लई ताठ हाय."

अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बारा दिवस ते ह्याच एका शब्दासाठी झुरत होते.

"हाय की," ते म्हणाले. "एकदम ताठ. लहानपणापासनंच."

मामांचा कप ओठापाशी थांबला. बाळगोंडाकाका खोकले. अण्णांना कळलं नव्हतं, आणि मलाही कळायला एक क्षण लागला. वर्धमाननं पेनाच्या टोपणाशी चाळा सुरू केला. आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलायला हवं होतं. काय बोलणार? मी ताठ नाही म्हटलं असतं तर कसली आहे, ते सांगावं लागलं असतं.

"ताठ न्हाई हो ती."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर खोचलेला, हातात झारा.

"ताठ न्हाई. वाकडी हाय."

"वाकडी म्हंजे?" वर्धमानच्या आईंनी विचारलं. त्यांनाही तो शब्द स्वभावाचाच वाटला असणार.

"पाठीत. दीड इंच. आत पोलादाचा पट्टा घातलाय, त्यानं वाकता येईना तिला. कुणाला नमस्कार करायचा न्हाई म्हणून केला न्हाई, असं न्हाई ते."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मावशी पुढे आली, झारा तिनं पोह्यांच्या ट्रेमध्ये ठेवला, माझ्या दंडाला धरलं आणि मला आतल्या खोलीत नेलं.

आत गेल्यावर तिनं दार लोटलं. ब्लाऊजचे हूक काढले, नाडीची गाठ सोडवायला लागली. मी पाठमोरी होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"का सांगितलंस?" मी विचारलं.

"ताठ म्हणत होती तुला."

"म्हणू दे की. जमलं असतं सगळं."

"जमलं असतं." नाडी एकेका भोकातून सरसर निघत होती. "पाठ काय, चार दिवसांत दिसली असती त्यांना. बघून बघून सवय झाली असती. ताठ म्हणून एकदा नाव पडलं की निघत न्हाई ते. भांडं जोरात ठेवलं तरी ताठ. गप बसलं तरी ताठ. आजारी पडून निजलं तरी ताठच."

"तुला काय माहीत?"

"दहा वर्षं हाय की मी ह्या घरात."

शेवटचं बक्कल सुटलं. मी मोठा श्वास घेतला आणि तो सोडायचा विसरले. आत्या आली की मावशीबद्दल तोच शब्द वापरायची. अण्णाही वापरायचे, चिडले म्हणजे. आणि शाळेत असताना मी, मैत्रिणींसमोर, ती त्याच खोलीत मशीनवर बसलेली असताना. तिला ऐकू गेलं नसेल असं मी तेव्हा धरून चालले होते. का धरून चालले होते, कोण जाणे.

"जा आता," ती म्हणाली. "नीट वाकून नमस्कार कर."

पट्ट्यावर बेतलेला ब्लाऊज आता माझ्या अंगावर लोंबत होता. उजवीकडे तो ताणला जात होता आणि डावीकडे त्याची पिशवी झाली होती. तशीच बाहेर गेले. तिघांनाही वाकून, पायांना हात लावून नमस्कार केला. वर्धमानच्या आईंसमोर वाकले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बरोबर त्या उचललेल्या पात्यावर, आणि तो लगेच काढला नाही. "दुखतं काय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मान वर केली तर वर्धमान माझ्याकडे बघत होता. मी पहिल्यांदा त्याला सरळ बघितलं. त्याची एक भुवई मधेच तुटलेली होती. जाताना त्यांनी कळवतो म्हटलं, आणि ते ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला वाटलं की होणार. अण्णांना वाटलं की संपलं. ते चार दिवस मावशीशी एक शब्द बोलले नाहीत.

गुरुवारी दुपारी बाळगोंडाकाकांचं पोस्टकार्ड आलं. अण्णा हळदीच्या अडतीत कामाला गेले होते. मावशी मशीनवर होती. पोस्टमनच्या हातून मीच कार्ड घेतलं आणि सोप्यात उभ्यानं वाचलं. त्यातला मजकूर मला आजही पाठ आहे.

"मुलगी मंडळींच्या मनास आली आहे. पाठीचे काही नाही असे म्हणतात. परंतु मुलीची आई फार ताठ आहे, चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पाडते, अशा घरची सोयरीक आपणास झेपणार नाही, असे मुलाच्या आईंचे म्हणणे पडले. मुलाने दोन दिवस समजूत घातली. उपयोग झाला नाही."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, माझं वाचताना काहीतरी चुकतंय. दुसऱ्यांदा वर्धमानच्या दोन दिवसांशी अडखळले. तिसऱ्यांदा वाचताना आतून मशीनचा आवाज थांबला.

"काय लिहिलंय?" मावशीनं विचारलं.

मी कार्ड घेऊन दारापर्यंत गेले. ती हातातलं कापड धरून माझ्याकडे बघत होती. ते कार्ड तिच्या हातात देणं सोपं होतं. तिला वाचता येत होतं. पण तो शब्द आता बाहेरून, शिक्का मारून, पत्त्यासकट घरात आला होता, आणि तो मी तिच्या हातात ठेवू शकले नाही.

"पाठीमुळे नको म्हणाले," मी म्हटलं.

तिनं कापड मांडीवर ठेवलं.

"म्हंजे मी बोलले म्हणून."

"तसं काही नाही."

"तसंच की," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

मी परसात गेले आणि कार्ड पाण्याच्या बंबात घातलं. संध्याकाळी अण्णांनाही तेच सांगितलं. मला माहीत होतं म्हणाले, आणि मावशीकडे न बघता जेवायला बसले. एका शब्दापासून मी तिला वाचवलं, असं मला त्या दुपारी वाटलं होतं. त्या बदल्यात तिच्या डोक्यावर काय ठेवलं, ते कळायला मला आठवडाही लागला नाही. तेव्हा खरं सांगता आलं असतं. सांगायचं तर आधी खोटं का बोलले, तेही सांगावं लागणार होतं, आणि ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं. रोज उद्यावर टाकत गेले.

त्यानंतर कुणी बघायला आलं की मावशी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर येत नसे. पोह्यांचा ट्रे भरून ओट्यावर ठेवायची आणि मला खुणेनं सांगायची. पट्टा मी कॉलेजला घालायची, पुढे नोकरी लागल्यावर ग्रंथालयातही घातला, दोनदा मिरजेला जाऊन नव्यानं करून घेतला. बघण्याच्या दिवशी मात्र घालायची नाही. माणसं बसली की पाठीचं मीच पहिल्यांदा सांगून टाकायची. अण्णा मान खाली घालायचे. सातव्या स्थळाला जमलं.

खरं सांगायला मला अकरा वर्षं लागली. तोवर अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे कोल्हापूरला आली होती. जानेवारीतली सकाळ होती आणि आम्ही दोघी गॅलरीत पावटे सोलत होतो. तिला अजून नीट दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून शेंगा फोडत होती. कशावरून विषय निघाला आठवत नाही. बहुधा निघालाच नव्हता, मीच काढला. कार्डात काय होतं ते सांगितलं, शब्द न शब्द. मी काय केलं तेही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा तशाच फोडून झाल्या.

"आणि अण्णांना?"

"त्यांनाही पाठीचंच सांगितलं होतं."

ती हं म्हणाली. आता ती रडेल, चिडेल, उठून आत जाईल, असं काय काय मला वाटत होतं आणि त्या प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं, ते मी मनात जुळवत होते.

"ताठ म्हणाली ती?" मावशीनं विचारलं. "मला?"

"फार ताठ, असं लिहिलं होतं."

"फार."

"हो."

तिनं मांडीवरची सालं एका बाजूला सारली आणि भिंतीला टेकलेली पाठ सोडवून सरळ बसली.

"कार्ड कुठाय?"

"बंबात घातलं. त्याच दिवशी."

मावशी बराच वेळ समोर बघत राहिली. काय बघत होती कुणास ठाऊक. तिला तेव्हा उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं.

"ठेवायचं होतंस," ती म्हणाली.